घरातल्या एकाचा कर्करोग, बाकीच्यांची तपासणी

सिंदी (मेघे) हे गाव वर्धा शहराला लागून आहे. मोठ्या दवाखान्यासाठी इथल्या माणसाला नागपूर-मुंबई गाठावी लागतेच असे नाही. एका बाजूला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, तर दुसरीकडे सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणारी लोकसंख्याधारित नोंदणीही २०१० सालापासून सेवाग्रामला चालते. जिल्ह्यात कोणत्या अवयवाचा कर्करोग किती जणांना होतो, हे या नोंदणीवरून कळते.

अशा कोणत्याही रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाहिले, तर एका रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक हमखास दिसतात. मुलगी फाईल सांभाळते, भाऊ पैशांची सोय पाहतो, बहीण डबा आणते. महिनोन्‌महिने ही माणसे कर्करोगाच्या डॉक्टरांसमोर येऊन उभी राहतात. पण "यांच्यापैकी कोणाची तपासणी झाली आहे का?" हा प्रश्न क्वचितच निघतो. नातेवाईक विचारत नाहीत, कारण त्यांचे सारे लक्ष रुग्णाकडे असते. डॉक्टरही गर्दीत पुढच्या रुग्णाकडे वळतात. वास्तविक एका माणसाचा आजार हा त्याच्या घरासाठी माहितीचा मोठा साठा असतो. ती माहिती कशी वाचावी, तिच्यावरून कोणी कोणती तपासणी करून घ्यावी आणि कोणी घाबरण्याचे कारण नाही, हे या लेखात पाहू.

एकाच घरात कर्करोग का दिसतो?

एका घरात दोन-तीन जणांना कर्करोग झाला की "त्यांच्या रक्तातच आहे" असे लोक म्हणतात. पण त्यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि ती वेगळी ओळखणे महत्त्वाचे आहे.

पहिले कारण योगायोग. कर्करोग हा दुर्मिळ आजार राहिलेला नाही. घर मोठे असेल आणि माणसे साठी-सत्तरी गाठत असतील, तर दोघांना निरनिराळ्या अवयवांचा कर्करोग केवळ योगायोगाने होऊ शकतो.

दुसरे कारण समान सवयी आणि समान परिसर. विदर्भातले उत्तम उदाहरण म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा खर्रा अनेक घरांत बापाकडून मुलाकडे जातो. पण तो जनुकांमधून जात नाही, खिशातून जातो. तंबाखू कर्करोगकारक आहे हे सर्वांना माहीत असते. पण नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात काढला आहे. बापलेक दोघांनाही तोंडाचा कर्करोग झाला, तर आधी खर्ऱ्याकडे पाहावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेही असेच आहे. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्याचे मूळ एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गात सापडते. आईला हा कर्करोग झाला म्हणून तो मुलीला वारसाने मिळाला, असे सहसा म्हणता येत नाही.

तिसरे कारण आनुवंशिक दोष. सर्व कर्करोगांपैकी साधारणपणे ५ ते १० टक्के कर्करोगांत जन्मतःच मिळालेला एखादा सदोष जनुक हे मुख्य कारण असते. हे प्रमाण लहान आहे, पण ज्या घरात असा जनुक असतो त्या घरासाठी तो फार मोठा असतो.

शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट

आनुवंशिक कर्करोगाच्या अभ्यासाची एक सुरुवात डॉक्टरच्या नव्हे, रुग्णाच्या नातेवाइकाच्या निरीक्षणातून झाली. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने सांगितले की, आमच्या घरातली माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. ती बाई खरोखरच तरुण वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि या विकाराला लिंच सिंड्रोम हे नाव पडले. त्याला कारण असणारे जनुक १९९३ च्या सुमारास सापडू लागले. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल करताना चुका होतात. त्या दुरुस्त करणे हे या जनुकांचे काम. दुरुस्ती करणारा कारागीरच नीट काम करेनासा झाला की चुका साठत जातात.

स्तनाच्या कर्करोगाबाबत असाच शोध मेरी-क्लेअर किंग यांनी लावला. कर्करोग अनेक पिढ्यांत दिसणाऱ्या घराण्यांचा अभ्यास करून त्यांनी १९९० साली दाखवून दिले की, दोषी जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. तो बीआरसीए-१ जनुक १९९४ मध्ये आणि दुसरा, बीआरसीए-२, १९९५ मध्ये नेमका हाती लागला. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही बराच वाढतो.

वर्गात हा वारसा समजावून देण्यासाठी नाण्याचा उपयोग चांगला होतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. आईच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल, तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक अपत्यासाठी नाणे नव्याने उडवले जाते. तीन मुले असतील तर तिघांनाही दोष न मिळण्याची शक्यता १/८ आणि तिघांनाही मिळण्याची शक्यताही १/८.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्तनाचा कर्करोग म्हणजे बायकांचा विषय, म्हणून फक्त आईच्या माहेरची चौकशी केली जाते. पण हे जनुक लिंगसूत्रांवर नाहीत. वडील स्वतः ठणठणीत असूनही त्यांच्या आईकडून आलेला दोष मुलीला देऊ शकतात. म्हणून मावशीइतकीच आत्याची माहितीही महत्त्वाची असते.

"दुप्पट धोका" म्हणजे किती?

आई, बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी एकीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर त्या स्त्रीचा धोका किती वाढतो? ५२ अभ्यासांतील माहिती एकत्र करून २००१ साली केलेल्या विश्लेषणात हा धोका सुमारे १.८ पट आढळला. अशा दोन नातेवाईक असतील तर सुमारे २.९ पट. "दुप्पट" हा शब्द ऐकून छातीत धडकी भरते, म्हणून तो आकड्यांत मांडून पाहू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात वयाच्या ७४ वर्षांपर्यंत साधारण २९ स्त्रियांमागे एकीला स्तनाचा कर्करोग होतो. हा धोका दुप्पट धरला तरी २९ पैकी दोघी होतात. उरलेल्या २७ जणींना तो होत नाही. याच विश्लेषणातला दुसरा निष्कर्षही तितकाच बोलका आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या दर नऊ स्त्रियांपैकी सुमारे आठ स्त्रियांच्या आई-बहीण-मुलीत तो कोणालाच नव्हता. म्हणजे "आमच्या घरात कोणाला नाही" हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

मग नातेवाइकांवर वेगळा भर कशासाठी? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. हिशेबासाठी सोयीचे आकडे घेऊ. समजा १००० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतील ५ जणींना खरोखर कर्करोग आहे. चाचणी पाचपैकी चौघींना पकडते, पण निरोगी स्त्रियांपैकी १० टक्के जणींच्या बाबतीतही खोटी शंका दाखवते. म्हणजे सुमारे १०० जणींना उगाच पुढच्या तपासणीला बोलवावे लागते. १०४ जणींमागे खरा आजार चौघींना. आता धोका दुप्पट असलेल्या १००० स्त्रिया घेऊ. त्यांत १० जणींना आजार आहे, ८ पकडल्या जातात आणि सुमारे ९९ जणींबाबत खोटी शंका येते. १०७ जणींमागे खरा आजार आठ जणींना. चाचणी तीच, खर्च तोच, पण हाती लागणारे रुग्ण दुप्पट. तपासणीचा फायदा नातेवाइकांमध्ये जास्त मिळतो तो असा.

हा हिशेब आणखी एक गोष्ट शिकवतो. तपासणीत काही दिसले आणि पुन्हा बोलावले, म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बोलावलेल्यांपैकी बहुतेक जण निर्धास्त होऊन घरी जातात. हे आधीच सांगितले, तर दुसऱ्यांदा बोलावल्यावर माणसे पळून जात नाहीत.

नातेवाइकांची तपासणी केल्याने फायदा होतो का?

लिंच सिंड्रोम असलेल्या घराण्यांबाबत फिनलंडमध्ये १५ वर्षे चाललेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २२ कुटुंबांतील २५२ नातेवाइकांपैकी ज्यांनी दर तीन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करून घेतली, त्यांच्यात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६ टक्के होते. ज्यांनी ती करून घेतली नाही, त्यांच्यात १६ टक्के. तपासणी करून घेणाऱ्यांत या कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही. न करणाऱ्यांत ९ झाले. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. पण फरक मोठा आहे आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. आतड्यात आधी लहान गाठी येतात. त्या दुर्बिणीतून पाहतानाच काढून टाकता येतात. इथे तपासणी आजार नुसता लवकर ओळखत नाही, तो होण्याआधीच थांबवते.

दक्षिण कोरियातला २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या भाऊ-बहिणी आणि मुलांवर होता. ज्यांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला, अशा १६७६ जणांच्या निष्कर्षांची यात तुलना केली. निम्म्यांना जिवाणूनाशक औषधे दिली, निम्म्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या गोळ्या. सुमारे नऊ वर्षांनंतर औषध घेतलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण १.२ टक्के, तर दुसऱ्या गटात २.७ टक्के निघाले.

आपल्याकडचा महत्त्वाचा प्रयोग उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातला. तो केवळ नातेवाइकांपुरता नव्हता. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा त्यात समावेश होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे त्याच्या २००९ सालच्या निष्कर्षांत दिसले. खेड्यातल्या स्त्रिया तपासणीला येतात आणि त्याने जीव वाचतात, हे महाराष्ट्राच्याच मातीत सिद्ध झाले आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के आणि स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के आढळल्या.

कोणी, कोणती, केव्हा?

एक काल्पनिक घर घेऊ. सिंदी मेघेतल्या एका बाईंना ४२ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. त्यांना ३८ वर्षांची बहीण, ४५ वर्षांचा भाऊ आणि १९ वर्षांची मुलगी आहे. त्यांच्या मावशीला अंडाशयाचा कर्करोग झाला होता.

या घरात कर्करोग तरुण वयात आला आहे आणि स्तन व अंडाशय या दोन्ही अवयवांत दिसला आहे. ही आनुवंशिक दोषाची खूण असू शकते. अशा वेळी जनुकीय चाचणी प्रथम रुग्णाची करतात, बहिणीची किंवा मुलीची नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घरात नेमका कोणता दोष आहे हे माहीत नसताना बहिणीच्या चाचणीत काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. दोष तिला मिळाला नाही, की चाचणीला तो ओळखता आला नाही? रुग्णात दोष सापडला, तर मात्र बाकीच्यांमध्ये तेवढाच शोधायचा असतो आणि उत्तर स्पष्ट मिळते. ज्याला तो नाही, त्याचा धोका सर्वसाधारण माणसाइतकाच. ही मोठी सुटका असते. ज्याला तो आहे, त्याच्यासाठी वेगळे वेळापत्रक असते: स्तनांची एमआरआय तपासणी साधारण २५ व्या वर्षापासून आणि मॅमोग्राफी ३० पासून. या घरातल्या मामांनाही चाचणीचा सल्ला द्यावा, कारण त्यांच्या मुलींचा प्रश्न आहे.

जनुकीय दोष सापडला नाही किंवा चाचणी करता आली नाही, तरी एक सोपा नियम उपयोगी पडतो. घरात ज्या वयात कर्करोग आढळला त्याच्या दहा वर्षे आधी तपासणीबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मात्र मॅमोग्राफी सहसा तिशीआधी सुरू करत नाहीत. आई-वडील किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ४० व्या वर्षी किंवा त्या रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी.

अंडाशयाच्या कर्करोगाला मात्र अजून खात्रीची चाळणी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात सोनोग्राफी आणि रक्तचाचणी यांनी मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ साली जाहीर झाले. म्हणून बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांना मुले झाल्यानंतर अंडाशये काढण्याचा सल्ला देतात. घाबरलेल्या नातेवाइकाला "एका रक्ततपासणीत सगळे कर्करोग कळतात" असे सांगणारे पॅकेज विकले जाण्याचा धोका असतो. अवयव कोणता आणि त्यासाठी सिद्ध झालेली चाचणी कोणती, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या घरात जो खर्रा, तंबाखू किंवा सुपारी खातो, त्याने तोंड तपासून घ्यावे. पांढरा किंवा लाल चट्टा, बरा न होणारा व्रण, तिखट लागताच होणारी जळजळ, तोंड पूर्वीइतके न उघडणे या खुणा आहेत. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे जावे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची प्राथमिक तपासणी ३० वर्षांवरील सर्वांसाठी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. घरात कर्करोग होऊन गेला आहे, हे आशाताईंनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

नातेवाईक का येत नाहीत?

"तपासले की काहीतरी निघते", "नशिबात असेल ते होईल", "आधी तिचे बरे होऊ दे, मग आमचे पाहू" ही उत्तरे नेहमीची. त्यांच्यामागे खरी भीती असते आणि तिची थट्टा करू नये. घरातल्या एकाचे हाल जवळून पाहिलेल्या माणसाला कर्करोग म्हणजे तेच हाल वाटतात. त्याने पाहिलेला आजार बहुधा उशिरा सापडलेला असतो. लवकर सापडलेल्या आजाराचे उपचार सोपे असतात, हे त्याने पाहिलेलेच नसते.

दुसरी अडचण लपवाछपवीची. मुलीचे लग्न जुळणार नाही म्हणून आईचा आजार भावकीत सांगत नाहीत. मग पुण्याला असलेल्या आतेबहिणीला आपल्या घराण्यात काय आहे, हे कळतच नाही. रुग्णालाही अपराधी वाटते, "माझ्यामुळे पोरीला लागले" असे. तिला हे सांगायला हवे की दोष असला तरी तो तिनेही कोणाकडून तरी घेतला आहे, आणि तिने सांगितल्यामुळेच मुलगी सावध होणार आहे.

सांगण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांपैकी एका गटाला छापील माहिती पाठवली, तर दुसऱ्या गटाशी समुपदेशक फोनवर ज्याच्या त्याच्या परिस्थितीनुसार बोलले. नऊ महिन्यांत पहिल्या गटातील सुमारे १६ टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे ३५ टक्के लोकांनी कोलोनोस्कोपी करून घेतली. पत्रक वाचून माणूस हलत नाही. त्याच्याशी कोणी बोलले तर हलतो. "तुलाही होईल" असे म्हणण्यापेक्षा "ताईला ४२ व्या वर्षी झाला, तुझे ३८ चालू आहे. पुढच्या मंगळवारी तिच्या केमोला जाऊच, तेव्हा तुझेही दाखवून घेऊ" हे जास्त उपयोगी. दवाखान्याची फेरी आणि बुडालेली मजुरी यांचाही हिशेब त्यात होतो.

शाळेत काय करता येईल?

दहावी-बारावीला आनुवंशिकता शिकवताना वंशवेल काढायला सांगतात. त्यात कर्करोगाचे उदाहरण जरूर घ्यावे, पण विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातले आजार वर्गात सांगायला कधीही लावू नये. वर दिलेल्यासारखे काल्पनिक घर फळ्यावर काढावे: चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, शेजारी अवयव आणि आजार आढळला ते वय. मग विचारावे, यात सर्वप्रथम कोणाची चाचणी करायची? मामाची का करायची? आत्याची माहिती कुठे आहे?

ज्यांच्या घरी हा प्रश्न खरा आहे, ते विद्यार्थी वर्गात गप्प बसतील आणि घरी जाऊन विचारतील. आजी कशाने गेली, तेव्हा तिचे वय काय होते, मोठ्या काकांचे ऑपरेशन कशाचे झाले? ही उत्तरे एका कागदावर लिहून घरच्या रेशनकार्डाजवळ ठेवली, तर पुढच्या पिढीच्या डॉक्टरला ती लागतील. घरात आज जो रुग्ण आहे, त्याच्या आजाराचे नाव आणि वय लिहून ठेवण्याची वेळ मात्र आत्ताची आहे. नंतर ते सांगणारे कोणी असेलच असे नाही.